नायट्रेटचा रिपोर्ट: आकड्याआधी एकक विचारा

बोअरचं पाणी तपासायला देण्यात अवघड काही नाही. आमच्याकडे, कर्नाटकात, अर्ज कन्नडात असतो, पण जमिनीच्या उताऱ्यासाठी खेपा घातलेल्या माणसाला त्याचं काय? डोकं उठलं ते रिपोर्ट हातात आल्यावर.

नायट्रेटसमोर 16, शेजारच्या रकान्यात मर्यादा 45. काउंटरवरून उत्तर आलं, "लिमिटमध्ये आहे की, जावा." पण आमचा भाग निपाणीकडचा. बोअरच्या चारी बाजूंना ऊस, उसाला युरिया, त्याचाच नायट्रेट होऊन पाण्यात उतरतो, आणि पंचायतीच्या पाणी तपासायच्या किटमध्ये हेच पाणी गडद गुलाबी झालेलं. रंगपट्टीवर ती छटा 45 च्या बरीच पुढे जात होती. किट ढोबळ असतं, मान्य. पण इतकं?

गोम एककात असते. तोच नायट्रेट दोन तऱ्हांनी मोजतात: अख्खा नायट्रेट म्हणून, किंवा त्यातला फक्त नायट्रोजन म्हणून. बरीच यंत्रं नायट्रोजनचा आकडा दाखवतात. त्याला 4.43 ने गुणलं की नायट्रेट मिळतो. म्हणजे 16 चे झाले जवळपास 71. आपल्या आयएस 10500 या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातली 45 मिलिग्रॅम प्रतिलिटर ही मर्यादा अख्ख्या नायट्रेटची आहे, आणि दुसरा स्रोत नसला तरी तिच्यात सूट नाही. नायट्रोजनच्या हिशेबात ती जेमतेम 10 येते. एका रकान्यात एक माप, दुसऱ्यात दुसरं, आणि खाली शिक्का 'पिण्यायोग्य'!

हे काउंटरवर समजावत बसू नका. तिथल्या माणसाला छापील कागदापलीकडे काही ठाऊक नसतं. सरळ केमिस्टना गाठा आणि एवढंच विचारा, "मॅडम, हा आकडा नायट्रेटचा की नायट्रोजनचा?" आमच्याकडे मॅडमनी नोंदवही काढून बघितली आणि त्यांच्याच लक्षात आलं. तरी दुरुस्त रिपोर्टसाठी लेखी अर्ज, सही, मग 'साहेब मीटिंगला गेलेत'. पोचपावतीवर नमुना क्रमांक घातल्याशिवाय तिथून हलू नका. तोंडी 'करून देतो' म्हणजे गेलंच ते. शेवटी 71 लिहिलेला कागद मिळाला तेव्हा, खरं सांगतो, पाणी वाईट निघाल्याचा आनंद झाला.

नमुन्याचं राहिलंच. घरच्या टाकीतून घेऊ नका. बोअर पाच-दहा मिनिटं चालवून पंपाजवळच्या नळातून घ्या. एक लिटरची प्लॅस्टिकची बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळा, काठोकाठ भरा. काचेची नको, फ्लोराइडचा आकडा बिघडतो. नायट्रेटसाठी बाटली बर्फात ठेवून 48 तासांच्या आत पोचवा. शनिवारी दुपारी भरलेली सोमवारपर्यंत वाट बघत पडते. जंतूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली वेगळी असते, ती प्रयोगशाळेतूनच मागून घ्या. किटचा रंग दिवसाउजेडी बघा, ट्यूबलाइटखाली गुलाबी फसवतो.

टीडीएस मीटर घेऊन दारात येणाऱ्या फिल्टरवाल्याचं ऐकू नका. मीटर एकूण क्षार सांगतं, त्यात नायट्रेट किती ते नाही.

आणि पाणी उकळून उपयोग नाही. वाफ जाते, नायट्रेट खाली राहतो, उलट घट्ट होतो. तुरटीनंही तो जात नाही. आरओनं कमी होतो. घरात सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर डब्याचं दूध या पाण्यात मुळीच कालवू नका, बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद घटते. नवीन रिपोर्ट येईपर्यंत त्याच्यासाठी आरओचं पाणी आणा.