पहिला तास आणि पहिली तर

आमच्या कॉलेजात प्रत्येक सत्राच्या शेवटी, परीक्षेचे फॉर्म भरायच्या आधी, एक यादी लागते. कागदावर तिचं नाव ‘अपुऱ्या उपस्थितीची यादी’, पण शिपायांपासून प्राचार्यांपर्यंत सगळे तिला ‘डिफॉल्टर’ म्हणतात. विद्यापीठाचा नियम ७५ टक्क्यांचा. त्याखाली गेलेल्यांची नावं फलकावर लागतात, पालकांना बोलावणं जातं, पालक येऊन हमीपत्रावर सही करतात आणि विषय संपतो. आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, खाडीकाठचं. मी इथे भूगोल शिकवते. गेल्या वर्षी उपस्थिती समितीचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे ऑक्टोबरातल्या त्या दिवशी सकाळपासून मी ऑफिसबाहेरच्या टेबलाशी हमीपत्रांचा गठ्ठा घेऊन बसले होते.

यादीत चाळीसेक नावं होती. काही जण खरोखरच उंडारणारे. त्यांचे पालक आले, मुलाकडे रागाने बघत सही करून गेले. त्यांच्याबद्दल इथे काही लिहायचं नाही.

साडेअकराच्या सुमारास एक बाई आल्या. खाडीपलीकडच्या खारवीवाडीतल्या. तिथून इकडे यायला खाडी ओलांडणारी होडी, म्हणजे तर. साडी नीटनेटकी, पण हाताच्या बोटांवर कालवं (खडकावरचे शिंपले) फोडताना पडतात तसे बारीक बारीक चरे. काही जुने, काही त्याच आठवड्यातले. नवरा मिरकरवाड्याला ट्रॉलरवर खलाशी, म्हणून त्याच आल्या होत्या. त्यांची मुलगी एफवाय बीएला. वर्गात कधी तोंड न उघडणारी, दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसणारी. मी खुर्ची पुढे केली, हमीपत्र समोर ठेवलं. त्यांनी ते वाचलं. नीट, ओळीवर बोट ठेवून. मग म्हणाल्या, “बाई, यात लिवलंय की माझी मुलगी यापुढं वेळेवर येईल. ती वेळेवरच येते. घरातनं सहाला भायेर पडते. तर लागत नाय धक्क्याला, त्याला ती काय करणार?”

मी म्हटलं, “तर रोजच लागत नाही?”

“रोज कशी? रोज लागत नसती तर रोज गैरहजर असती ना. सुकती असंल तेव्हा नाय लागत.”

सुकती म्हणजे ओहोटी, हे मला ठाऊक होतं. पुढे त्यांनी जे केलं ते मी भूगोलाच्या कुठल्याच वर्गात पाहिलं नव्हतं. टेबलावरचं माझं पेन उचललं, हमीपत्राच्या कोऱ्या पाठीवर २ हा आकडा लिहिला आणि पाऊणकी म्हटली. “बीजेचे दोन. दोन पाऊण दीड. म्हणजे दुपारी दीडला खाडी भरलेली. मग सकाळी सव्वासातला काय? पुरी सुकती. साडेसहाची तर मधे गाळात टेकते. पोरं पायरीवर उभी.”

तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. आपल्या किनाऱ्यावरच्या मासेमारांचा हा जुना हिशेब. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, भरतीही तेवढीच पुढे सरकते. पाऊणकीत तिथीमागे पंचेचाळीस मिनिटं धरलेली असतात, एवढाच फरक. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा, प्रतिपदेला पाऊण, बीजेला दीड, तृतीयेला सव्वादोन. आणि भरतीच्या सहा तास आधी ओहोटी. शिवाय याच दिवसांत उधाण असतं, म्हणजे भरती मोठी तशी सुकतीही खोल. आमचा पहिला तास ७.२० चा. त्या बाईंनी पेनाच्या चार फटक्यांत वर्गाच्या वेळापत्रकावर खाडीचं वेळापत्रक मांडून दाखवलं.

“त्या दिवसांत मी खाली कालवांना गेलेली असते,” त्या म्हणाल्या. “खडकावरनं वर बघितलं की ही धक्क्यावर उभी दिसते, दप्तर पोटाशी धरून. मी तिला हात पण करत नाय. काय करू हात करून?”

मी हजेरीपट मागवला. ऑफिसच्या भिंतीवरची दिनदर्शिका काढून शेजारी ठेवली. मुलीच्या नावासमोरच्या फुल्या आणि तिथ्या जुळवत गेले. नारळी पौर्णिमेनंतरचे तीन दिवस. पिठोरी अमावास्येनंतर गणपतीच्या सुट्टीपर्यंतचे दिवस. सर्वपित्रीनंतर घटस्थापनेपासून पुढे. मधल्या अष्टमी-नवमीच्या आठवड्यांत एकही फुली नाही. आणि गैरहजेरी बहुतेक पहिल्याच तासाची. दुसऱ्या तासापासून ती वर्गात होती. पण आमचा भूगोलाचा मुख्य पेपर पहिल्याच तासाला होता, म्हणून नेमक्या त्याच विषयात तिची टक्केवारी घसरली होती.

बाईंना मी म्हटलं, “ताई, यावर सही करू नका. तुम्ही चुकीचं असं काही केलेलंच नाही.” त्यांना ते पटेना. सही न करता गेलं तर मुलीचा फॉर्म अडेल, ही भीती. शेवटी मी हमीपत्र खणात टाकलं आणि मागच्या बाजूचा तो हिशेब ठेवून घेऊ का, असं विचारलं. त्या पहिल्यांदा हसल्या. “ठेवा की. त्यात काय.”

त्या गेल्यावर मी यादीला एक रकाना जोडला. गाव आणि वाडी. एवढंच. चाळीस नावांतली निम्म्याहून जास्त खाडीपलीकडची निघाली. उरलेल्यांत बरीचशी डोंगराकडच्या एका फाट्यावरची, जिथली पहिली एसटी आमच्याकडे आठला पोचते. गाडी वेळेवर असते. तिच्या वेळेच्या आधी आमची घंटा झालेली असते. मग मी त्या वाड्या नीट वाचल्या. खारवीवाडी. मोहल्ला. बौद्धवाडी. पलीकडच्या डोंगरातली कुणबीवाडी.

कोकणात जो वाढला आहे त्याला यापुढे सांगावं लागत नाही. आमच्याकडे गावं वाड्यांची, आणि वाड्या जातींच्या. बाजारपेठेच्या जवळ कोण राहतं आणि खाडीच्या पलीकडे, डोंगराच्या पोटात कोण राहतं, हे पिढ्यांपूर्वी ठरलेलं आहे. आमच्या वेळापत्रकाने कुणाची जात विचारली नव्हती. त्याने फक्त सकाळी ७.२० ला या म्हटलं. तेवढ्यावर यादी मात्र वाडीवार लागली होती, आणि ती आम्ही दरवर्षी काचेच्या फलकात कुलूप लावून टांगत होतो.

प्राचार्यांच्या केबिनबाहेर ‘समान संधी कक्ष’ अशी पाटी आहे. २०१२ च्या यूजीसीच्या नियमांनंतर अशा पाट्या बहुतेक कॉलेजांत लागल्या. जात, धर्म, भाषा, लिंग, दिव्यांगत्व यांवरून भेदभाव झाला तर तक्रार तिथे करायची. नियम चांगलाच आहे, हवाच आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने आणि कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या तपासणीने विचारलं म्हणून आमच्या इमारतीला रॅम्प झाला, आणि त्या रॅम्पवरून मी मुलांना वर येताना पाहिलं आहे. पण या मुलीने कुणाविरुद्ध तक्रार करायची? तिच्याशी कुणी वाईट वागलेलंच नाही.

दुपारच्या सुट्टीत मी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं. आई येऊन गेल्याचं तिला कळलं होतं; घाबरलेली होती. मी विचारलं, हे कधी सांगितलं का नाहीस? पहिल्या आठवड्यातच सांगितलं असतंस तर? ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मॅडम, कॉलेज गावातल्या मुलांचं असतं. आम्ही येऊन-जाऊन.”

मी हे वाक्य अनेकांना सांगितलं आहे आणि दर वेळी माझा घसा दाटतो. ती तक्रारीच्या सुरात बोललीच नव्हती. खाडीला पाणी असतं तसं, हे असतंच, अशा सुरात बोलली. मग एकेक बाहेर पडत गेलं. उशिरा आत यावं लागतं म्हणून ती सगळी दाराजवळच्या बाकांवर बसतात. पुढे जागा असली तरी बसत नाहीत, कारण उद्या परत उशीर होणार. १२.४० ची गाडी गेली की पुढची थेट साडेचारला, आणि त्या गाडीने गेलं तर पावसाळ्यात परतीची तर मिळेल याचा भरवसा नाही. त्यामुळे एकांकिकेची तालीम, कबड्डीचा सराव, भित्तिपत्रकाची बैठक, सगळं त्यांच्या माघारी होतं. “आमच्याकडची पोरं नाटकात घेत नाहीत,” ती म्हणाली. कुणी घेत नाही असं नव्हतं. निवड चाचणीच दीड वाजता असायची.

पूर्वी हे निदान हौसेपुरतं होतं. आता नव्या शैक्षणिक धोरणाच्या अभ्यासक्रमात सहअभ्यासक्रमाला श्रेयांक आहेत. एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना), खेळ, सांस्कृतिक काम, सगळं गुणपत्रिकेत उतरतं. एनएसएसचे दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात. ते तास आपण दुपारी एकनंतर ठेवले, तर खाडीपलीकडच्या मुलीने ते कुठून आणायचे? पैशांचंही आहे. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास मोफत असतो. पदवीला आलं की विद्यार्थी सवलतीचा मासिक पास, म्हणजे एक तृतीयांश भाडं. फार नाही, पण तरीचे पैसे वेगळे, आणि तरीला पास नसतो. घरात दोन मुली शिकत असतील तर आई कालवांच्या किती वाटे विकते, हा हिशेब ती मुलगी रोज मनात करत असते.

तीन वाजता समितीची बैठक होती. मी यादी, दिनदर्शिका आणि पाऊणकीचा कागद घेऊन गेले. एक ज्येष्ठ सहकारी, स्वतः खेड्यातून शिकत वर आलेले, मनापासून म्हणाले, “मॅडम, कष्टाशिवाय शिक्षण नाही. अण्णासाहेब कर्वे मुरुडहून साताऱ्याला परीक्षेसाठी चालत गेले होते. आपण मुलांना सवलती देऊन कमकुवत करतोय.”

मुरुड दापोली तालुक्यातलं, आमच्याच जिल्ह्यातलं. त्यामुळे ही गोष्ट आमच्याकडे लहानपणापासून सगळ्यांना सांगतात, पण अर्धीच सांगतात. मी उरलेली सांगितली. १८७५ साली कर्वे मित्रांबरोबर घाट चढून, शंभरावर मैल चालून साताऱ्याला पोचले, आणि परीक्षेच्या दारात त्यांना सांगितलं गेलं की तू वयाने लहान दिसतोस, बसता येणार नाही. चालणं त्यांनी पूर्ण केलं होतं. पोचल्यावर परत पाठवलं ते टेबलापलीकडच्या माणसांनी. पुढे याच माणसाने १९१६ साली स्त्रियांसाठी विद्यापीठ काढलं. मी म्हटलं, “सर, आपण टेबलाच्या कोणत्या बाजूला आहोत ते बघू या.”

सहकारी रागावले नाहीत. त्यांनी पाऊणकीचा कागद हातात घेतला, तृतीयेचा हिशेब स्वतः करून पाहिला, आणि म्हणाले, “माझी आजी असंच मोजायची.” त्यानंतर बैठक भांडणाची राहिली नाही, कामाची झाली.

काम सोपं नव्हतं. सकाळचं सत्र उशिरा करा म्हणणं सोपं, पण दुपारी त्याच खोल्यांत ज्युनियर कॉलेज भरतं. खोल्या वाढणार नाहीत. शेवटी असं ठरलं की पहिल्या तासाला कुठल्याही शाखेचा मुख्य पेपर ठेवायचा नाही. तिथे वाचनालय आणि वर्गपाठ, ज्याची भरपाई नंतर करता येते. निवड चाचण्या, तालमी आणि एनएसएसचं नियमित काम मधल्या तासाला, १२.४० च्या आत. तो तास काढण्यासाठी दोन सुट्ट्या एक केल्या. कॅन्टीनवाल्याची कुरकुर झाली, ती रास्तही होती. हमीपत्रावर सही मागण्याआधी विद्यार्थ्याशी बोलून कारण लिहायचं, आणि यादी फलकावर लावायची नाही. या शेवटच्या मुद्द्यावर प्राचार्य बराच वेळ थांबले. मग त्यांनी शिपायाला हाक मारली आणि फलकाची किल्ली मागितली.

दुसऱ्या सत्रात खाडीपलीकडच्या मुलांपैकी कुणीही फक्त पहिल्या तासामुळे ७५ च्या खाली गेलं नाही. डोंगराकडच्यांचं अजून पूर्ण सुटलेलं नाही. स्नेहसंमेलनाच्या एकांकिकेत मोहल्ल्यातला एक मुलगा आणि कुणबीवाडीतली एक मुलगी होती. मुलीने म्हातारीचं काम असं केलं की बाजारपेठेतल्या बायका दुसऱ्या दिवशी तिला शोधत कॉलेजच्या गेटवर आल्या. आणि माझ्या वर्गात ‘भरती-ओहोटी’ हा घटक आला तेव्हा मी खडू त्या दाराजवळच्या बाकावरच्या मुलीच्या हातात दिला. तिने आधी मान हलवली. मग फळ्यावर पंधरा तिथ्या मांडल्या, प्रत्येकीसमोर पाऊणपट. गावातल्या एका मुलाने विचारलं, मग एकादशीला किती वाजता? ती न बघता म्हणाली, “सव्वाआठ. पण आपल्या खाडीत आत थोडी उशिरा धर.” ‘आपल्या’ म्हणाली.

यंदाच्या प्रवेशअर्जात आम्ही एक रकाना वाढवला आहे, ‘घरातून निघण्याची वेळ’ आणि खाली ‘कशाने येता’. काहींनी पाच पन्नास लिहिलं आहे. एकाने ‘चालत, मग तर, मग एसटी’ असं सगळं कोंबून लिहिलं आहे. ते अर्ज वाडीवार लावून येत्या सत्राचं वेळापत्रक करायला घेतलं आहे. आगारात १२.४० ची गाडी वीस मिनिटं पुढे नेण्याचं पत्र दिलं आहे. विज्ञान शाखेच्या प्रात्यक्षिकांचं गणित मात्र अजून जुळत नाही. प्रयोगशाळा एकच आहे आणि तीन तासांचं प्रात्यक्षिक कुठूनही सुरू केलं तरी कुणाची ना कुणाची गाडी चुकते. त्यासाठी शनिवारी पुन्हा बसणार आहोत.