मागून लावलेलं इंजिन

भोर घाट चढायचा तर कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिनं जोडतात. ती ओढत नाहीत, नुसती रेटतात. पुढचं इंजिन आपलं काम करतच असतं. इलेक्ट्रिक सायकलीच्या मोटरचं कामही इतकंच. गंमत म्हणजे भोर घाटातला लोहमार्ग ३७ मीटरला १ मीटर चढतो, म्हणजे जेमतेम २.७ टक्के. पुण्यात टेकडीच्या अंगावर वसलेल्या सोसायटीच्या गेटापर्यंतचा शेवटचा तुकडा दहा टक्क्यांचाही निघतो. घाटरस्ते साधारण पाच-सहा टक्क्यांत बसवायचा प्रयत्न असतो, कारण त्यावरून भरलेला ट्रक जायचा असतो. सोसायटीचा रस्ता बिल्डरने आखलेला असतो.

त्यामुळे इलेक्ट्रिक सायकल घेताना दुकानात ‘चढावर चालेल ना?’ असं विचारण्यात अर्थ नाही. दुकानदार ‘आरामात’ म्हणतो, आणि त्याच्या दुकानासमोरच्या चढापुरतं ते खरंही असतं. आधी आपला चढ मोजावा. मीटरभर सरळ फळी रस्त्यावर चढाच्या दिशेने ठेवायची, तिच्यावर मोबाइल ठेवून लेव्हलचं अ‍ॅप उघडायचं. आकडा अंशांत येतो आणि इथेच घोटाळा होतो: ३ अंश म्हणजे ५.२ टक्के, ६ अंश म्हणजे १०.५ टक्के. माहितीपत्रकात ‘७ अंश चढाव’ दिसला की तो सात टक्के नव्हे, बारा टक्के. नकाशाच्या अ‍ॅपमधला उंचीचा आलेख पूर्ण रस्त्यासाठी ठीक, पण तो आखूड तीव्र तुकडे सपाट करून टाकतो आणि उड्डाणपूल त्याला धड कळत नाहीत. चांदणी चौकातून रोज जाणाऱ्यांनी त्यावर विसंबू नये.

आता हिशेब. माणूस ७०, सायकल २२, डबा-लॅपटॉपची बॅग ८. असे १०० किलो धरू. पाच टक्क्यांच्या चढावर ताशी १३ किलोमीटरने जायला चाकाशी साधारण २३० वॅट लागतात. ऑफिसला घाम न येता पोहोचायचं तर आपण ९० देऊ, उरलेले १४० मोटरचे. हे तिला दिवसभर जमतं. दहा टक्क्यांवर तोच वेग राखायला ४०० लागतात. आपण दात-ओठ खाऊन १२० दिले तरी मोटरच्या वाट्याला २८० येतात.

आणि मोटर असते २५० वॅटच्या जेमतेम आतली. कायद्यानुसार त्याहून कमी शक्ती आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग असेल तरच ही सायकल ‘मोटार वाहन’ ठरत नाही आणि नोंदणी, लायसन्स लागत नाही. अधिकृत चाचणी संस्थेचं प्रमाणपत्र मात्र हवं. अशी एक संस्था, एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया), पुण्यात कोथरूडला वेताळ टेकडीवरच आहे हा योगायोग छान. कायद्यातले वॅट अर्ध्या तासाच्या सलग क्षमतेचे असतात. ३६ व्होल्टचा, १५ अँपिअरचा कंट्रोलर, म्हणजे मोटरला वीज मोजून सोडणारं सर्किट, बॅटरीतून थोडा वेळ ५४० वॅटही ओढू देतो. म्हणून दोनशे मीटरचा खडा चढ निघून जातो. दीड किलोमीटरचा निघत नाही, आणि निघाला तर मोटर त्याची किंमत वसूल करते.

किंमत वसूल होते ती अशी. हब मोटर म्हणजे चाकाच्या मध्यभागी बसवलेली मोटर. मागच्या चाकातल्या अशा मोटरच्या तारा ताशी २५ किलोमीटरच्या वेगासाठी गुंडाळलेल्या असतात. वेग निम्म्याखाली, म्हणजे १२-१३ च्या खाली गेला की बॅटरीतून आलेली वीज चाकाऐवजी तारा तापवण्यात जाऊ लागते. आतली गिअरची चक्रं बहुधा नायलॉनची असतात. ती तापून मऊ पडतात, दात झिजतात, आणि एके दिवशी मोटर घरघरते पण चाक हलत नाही. ट्रायल घेताना सलग दहा मिनिटं चढ चढावा आणि उतरून हबला हाताची मागची बाजू लावावी. दोन-तीन सेकंदही ठेववत नसेल तर ती मोटर त्या चढासाठी नाही. पुढच्या चाकात मोटर असलेली सायकल तर टेकडीवाल्यांनी बघूच नये; चढावर भार मागे सरकतो आणि ओल्या मातीवर पुढचं चाक जागीच फिरतं.

क्रँकजवळची, म्हणजे पायडलच्या दांड्यापाशी बसवलेली मिड-ड्राइव्ह मोटर आपल्याच चेनमधून, आपल्याच गिअरमधून जोर लावते, म्हणून खऱ्या चढाला तीच योग्य. पण न्यूटन-मीटरचे, म्हणजे फिरवण्याच्या जोराचे (टॉर्कचे) आकडे वाचताना सांभाळा. हबचे ४० हे चाकाशी असतात. मिड-ड्राइव्हचे ६० क्रँकशी. चेनच्या पुढच्या चक्राला ३८ आणि मागच्याला ११ दात असताना त्या साठाचे चाकाशी जेमतेम १७ उरतात, मागे ४६ दातांचं चक्र घेतलं की ७२ होतात. म्हणजे चढ सुरू व्हायच्या आधी गिअर उतरवायची सवय नसेल तर जास्तीचे पैसे वाया. आणि सगळा जोर चेनमधून जात असल्याने चेन लवकर ताणते; गिअर बदलताना पाय क्षणभर हलका केला नाही तर कडकन आवाज येतो. आमचं मत विचाराल तर रोज आठ टक्क्यांहून जास्त चढ अर्ध्या-एक किलोमीटरहून लांब असेल तरच मिड-ड्राइव्ह. कोथरूड-शिवाजीनगर करणाऱ्याला हब पुरते.

हब मोटर घेतली तरी सायकल गिअरवाली घ्या. स्वस्तातल्या सिंगल-स्पीडला पुढे ४४, मागे १८ दात असतात. मिनिटाला ६० वेळा पायडल मारायचं तर वेग ताशी १८ हवा. चढावर वेग ९ ला आला की पाय मिनिटाला ३० वर येतात, गुडघे बोलू लागतात, आणि नेमकी तेव्हाच मोटरही गुदमरलेली असते. सात गिअरच्या सायकलीला मागे १४-२८ चं फ्रीव्हील, म्हणजे १४ ते २८ दातांच्या चक्रांचा संच, येतो. तो काढून १४-३४ चा बसवायला सांगा. पुढे ४२ दात असतील तर साठच्या लयीत ताशी साडेनऊलाही पाय मोकळे फिरतात. खर्च काही शेकड्यांचा. मात्र चेन एक-दोन कडी वाढवावी लागते आणि डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) तेवढं मोठं चक्र पेलणारा आहे ना, हे आधी बघून घ्यावं.

बॅटरीचा हिशेब चढापुरता सोपा आहे. १०० किलो १०० मीटर उंच चढवायला २७ वॅट-अवर लागतात. मोटरची गळती धरून ४०. सपाटीवर पायडल मारत किलोमीटरला साधारण आठ. जाऊन-येऊन २४ किलोमीटर आणि एकूण चढ दीडशे मीटर असेल तर १९२ अधिक ६०, म्हणजे अडीचशे. बॅटरी ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवरची, म्हणजे ३६० वॅट-अवरची घ्यावी; ५.८ ची घेऊन ‘कंपनी ४० किलोमीटर सांगते’ म्हणण्यात अर्थ नाही, ते कंपनीचे किलोमीटर सपाटीचे.

शिल्लक ठेवायचं कारण निव्वळ अंतर नव्हे. ३६ व्होल्टची बॅटरी भरली की ४२ दाखवते, रिकामी होत आली की ३० च्या आसपास. चढावर मोटर एकदम जास्त अँपिअर मागते तेव्हा व्होल्ट दोन-तीनने खचतात. चार्ज कमी असताना ते तिशीखाली गेले की आतलं सर्किट बॅटरी सरळ बंद करतं. डिस्प्लेवर दोन कांड्या दिसत असताना भर चढात सायकल मरते, आणि सपाटीवर आणली की पुन्हा सुरू! सर्व्हिसवाल्याला सांगितलं तर तो सपाटीवर फिरवून ‘काही प्रॉब्लेम नाही’ म्हणून परत देतो. थंडीत आणि जुन्या बॅटरीत हे जास्त होतं. गाडी घरी आणल्यावर बॅटरी निवू द्यावी, मग चार्जर लावावा.

उताराकडे कुणी लक्ष देत नाही. तोच दहा टक्क्यांचा चढ ताशी २५ ने उतरताना ब्रेकना सतत सुमारे पाचशे वॅट उष्णता रिचवावी लागते, म्हणजे मोटरच्या दुप्पट. आत गिअरची चक्रं असलेल्या हब मोटरमध्ये उतारावर चाक मोटरपासून सुटं फिरत असल्याने बॅटरी चार्ज होण्याचं स्वप्न बघू नये. केबलच्या डिस्क ब्रेकचे पॅड चकाकून गुळगुळीत होतात आणि किंचाळतात. पुढे तरी हायड्रॉलिक ब्रेक आणि १८० मिलिमीटरची चकती असावी, आणि ब्रेक धरून न ठेवता दाबत-सोडत उतरावं.

राहिलं पंक्चर, तेही मागच्या चाकाचं, कारण भार तिथेच असतो. कोपऱ्यावरचा पंक्चरवाला पान्हा घेऊन नट सोडायला जातो, त्याला थांबवा. चाक काढायची गरज नसते: टायरची एक बाजू रिममधून काढून ट्यूबचा तेवढाच भाग बाहेर ओढून पॅच बसतो. ट्यूबच बदलायची असेल तर मात्र आधी मोटरचा कनेक्टर सोडवा; खुणेचे बाण समोरासमोर ठेवून सरळ ओढायचा, पिळायचा नाही. एक्सलवरचे वॉशर कोणत्या क्रमाने आहेत त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आकडीवाला वॉशर फ्रेमच्या खाचेत बसला नाही तर पुढच्या चढावर मोटर चाकाऐवजी स्वतःचा एक्सल फिरवते आणि तिची वायर मुळापासून पिळवटून निघते. नट ३५ ते ४० न्यूटन-मीटरने आवळायचा, आणि पाणी ओघळून आत शिरू नये म्हणून वायरीला हबपाशी खाली लोंबता वळसा ठेवायचा.