६७.२ की ६५.८?

आमच्या सिव्हिकला वापरलेली अलॉय चाकं घ्यायची ठरली तेव्हा विकणाऱ्याला मी एकच प्रश्न विचारला होता, नट किती? तो म्हणाला, पाच. माझ्याही गाडीला पाच. चाकं डिकीत आली.

घरी जॅक लावून पुढचं डावं चाक काढलं आणि नवं चढवलं. हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या गोल भागावर, ते सहज गेलं, हबचे पाचही स्टड, म्हणजे नट फिरतात ते आट्यांचे दांडे, भोकांतून बाहेर आले. नट हातानेच फिरवायला घेतले. पहिला नीट टेकला, दुसराही. तिसरा मात्र मधोमध बसेना. एका बाजूने टेकलेला, दुसऱ्या बाजूला नखभर फट. मुलगी टॉर्च धरून शेजारी बसली होती. म्हणाली, "आई, पान्याने आवळ ना, बसेल."

बसलाही असता, आणि मला भीती त्याचीच वाटली. लांब दांड्याचा पाना एवढा फरक स्टड वाकवून भरून काढतो. चाक नटांवर नुसतं टांगलेलं नसतं. नट त्याला हबवर दाबून धरतात आणि त्या दाबामुळे होणाऱ्या घर्षणावर गाडीचा भार पेलला जातो. नट तिरका टेकला की दाब पुरेसा मिळत नाही आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला स्टडवर वाकवणारा ताण येत राहतो. या गाडीचं टायर एका किलोमीटरला साधारण ५०० फेरे घेतं. मी तिन्ही नट सोडवले आणि चाक उतरवलं.

मग मोजायला बसलो. सगळ्या नटांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास म्हणजे पीसीडी. चार किंवा सहा नट असले तर सोपं, समोरासमोरच्या दोन भोकांच्या केंद्रांमधलं अंतर घेतलं की झालं. पाच असले की भोकासमोर भोकच येत नाही. तिथे शेजारशेजारच्या दोन केंद्रांमधलं अंतर घेऊन त्याला ०.५८७८ ने भागायचं. हा आकडा कुठून आला ते मुलीने वहीच्या मागच्या पानावर काढून दाखवलं. पाच भोकं, म्हणून मध्ये ७२ अंशांचा कोन. त्याचा अर्धा ३६, आणि ३६ अंशांची साइन ०.५८७८. दहावीची त्रिकोणमिती तिला पहिल्यांदा हाताला लागली त्या संध्याकाळी, आणि मला त्याचा चाकांपेक्षा जास्त आनंद झाला.

भोकाचं केंद्र डोळ्याने नेमकं सापडत नाही. म्हणून एका भोकाच्या डाव्या कडेपासून शेजारच्या भोकाच्या डाव्या कडेपर्यंत मोजायचं, भोकं सारखी असली की तेच केंद्रांतलं अंतर. स्टड मोजताना दोन्हींच्या बाहेरच्या कडा घेऊन त्यातून एका स्टडची जाडी वजा करायची. टेपने आम्हाला दोन्हीकडे '६६-६७ मिलिमीटरच्या आसपास' एवढंच कळलं. व्हर्नियर कॅलिपरने हबवर ६७.२ आलं, चाकावर ६५.८. भागून पाहिलं तर एक ११४.३, दुसरं ११२.

नटांच्या अंतरात दीड मिलिमीटरचाही फरक नाही, म्हणूनच ते चाक हबवर चढलं. चार नटांच्या गाड्यांत ४×९८ आणि ४×१०० (आधी नटांची संख्या, मग पीसीडी) असेच फसवतात. ११४.३ हा आकडा विचित्र वाटतो, पण तो साडेचार इंच आहे. साडेपाच इंचांचे तसेच १३९.७ होतात.

चाक उलटं करून मागचा काळा थर पुसला तर आरीवर ५×११२ ओतीव अक्षरांत होतंच. विकत घेण्याआधी ओलं फडकं फिरवलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं.

दुसरी चाकं घेताना व्हर्नियर पर्समध्ये होता. ५×११४.३ जुळलं, पण मधलं भोक ७३.१ आणि सिव्हिकचा हब ६४.१ मिलिमीटरचा. त्या मापाच्या रिंगा मिळतात, चाक मध्यावर यावं म्हणून त्या घातल्या. ऑफसेटही, म्हणजे चाक किती आत किंवा बाहेर बसतं ते मापही, मूळच्या जवळचाच पाहून घेतला. एक गोष्ट मात्र आधी लक्षातच आली नव्हती. होंडाच्या मूळ नटांचं टोक गोलाकार असतं, आणि दोन्ही वेळच्या अलॉयच्या भोकांची सीट, म्हणजे नट टेकतो ती जागा, शंकूसारखी, ६० अंशांची. पहिल्या दिवशी मी ते मूळचेच नट लावत होते, म्हणजे चुका दोन होत्या. एम१२×१.५ आट्यांचे शंकूचे नट आणले, चांदणीच्या क्रमाने, म्हणजे एक सोडून एक, १०८ न्यूटन-मीटरला आवळले आणि १०० किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क पाना लावला. मागच्या उजव्या चाकाचा एक नट किंचित फिरला.

पहिली चाकं विकणाऱ्याने परत घेतली. देण्याआधी मुलीने चारही चाकांच्या मागे पांढऱ्या रंगाने ठळक लिहिलं, ५×११२.