फिकट रेघ

फोन पहाटेच आला. "डॉक्टर, मानमोडी शिरलीय. काल अकरा गेल्या, आज चाळीस." निदान पोल्ट्रीवाल्यानं स्वतःच करून टाकलं होतं. मानमोडी म्हणजे रानीखेत, कोंबड्यांचा विषाणूजन्य रोग. माना पिळवटलेल्या, हिरवट हगवण, सगळं त्यानं आधीच्या एका बॅचमध्ये पाहिलेलं.

मी रानीखेत आणि बर्ड फ्लू, दोन्हींची रॅपिड किट घेतली. गेटपाशी अंड्यांची गाडी उभी होती. ती भरू नका म्हटल्यावर ड्रायव्हर कुरकुरला. पीपीई चढवून आत गेलो तर शेड गप्प. अंडी देणाऱ्या ५,००० कोंबड्यांच्या शेडमध्ये एरवी शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. इथे पिंजऱ्यांपुढचं खाद्य जसंच्या तसं पडलेलं.

स्वॅब द्रावणात घोळवायचा, चार थेंब पट्टीच्या खळग्यात सोडायचे आणि घड्याळाकडे बघत बसायचं. 'सी'पाशी रेघ आली की चाचणी नीट चालली, 'टी'पाशीही आली की विषाणू सापडला. पंधरा मिनिटांनी रानीखेतच्या पट्टीवर दोन रेघा, फ्लूच्या पट्टीवर एकच. "म्हटलं नव्हतं?" पोल्ट्रीवाल्यानं श्वास सोडला. खोटं कशाला बोलू, मलाही हायसं वाटलं.

मग सहज विचारलं, "दादा, लस कधी दिलीत?"

"सहा दिवस झाले. लासोटा, पाण्यातून."

झालं! लासोटा जिवंत लस. तिचा विषाणू काही दिवस कोंबडीच्या अंगात वाढतो, आणि लसीचा कोणता नि रोगाचा कोणता हे पट्टीला कळत नाही. त्या दोन रेघांवरून काहीच ठरत नव्हतं. फ्लूच्या एका रेघेचं काय? तिथे चूक माझी. कामगारानं हाताला लागल्या त्या कोंबड्या धरून दिल्या आणि मी मुकाट्यानं स्वॅब घेतले. सगळ्या चांगल्या फडफडणाऱ्या. प्रयोगशाळेतली पीसीआर चाचणी विषाणूचा अंश वाढवून शोधते. पट्टीला आयताच भरपूर विषाणू लागतो. धडधाकट पक्ष्यात ती निगेटिव्ह आली म्हणून सुटलो असं होत नाही.

नुकत्याच मेलेल्या दोन कोंबड्या मागवल्या. अंग अजून कोमट. तुरा जांभळा पडलेला, पायांच्या खवल्यांखाली लाल डाग. शवविच्छेदनासाठी काढलेली कात्री परत बॅगेत टाकली. फ्लूची शंका असताना तिथेच पक्षी फाडायचा म्हणजे विषाणू आपल्या हातानं उधळायचा. नुसते श्वासनलिकेतून स्वॅब घेतले.

फ्लूच्या नव्या पट्टीवर आठव्या मिनिटाला 'टी'पाशी काहीतरी दिसल्यासारखं वाटलं. चष्म्यावर वाफ धरलेली. पट्टी उजेडात तिरकी केली. फिकट गुलाबी रेघ होती. वेळ उलटून गेल्यावर उमटलेली धरायची नसते, पण वेळेत आलेली, कितीही पुसट असो, ती रेघच. दुसऱ्या कोंबडीच्या पट्टीवर तर शोधावीच लागली नाही.

तरी ही फक्त शंका, शिक्कामोर्तब पीसीआरचं. सरकारी पशुवैद्यकीय कार्यालयाला कळवलं, नमुने तिहेरी आवरणात बर्फावर पाठवले. गाडीची चाकं फवारून ती रिकामीच परत धाडली. ड्रायव्हर आता काही बोलला नाही. कामगारानं दोन दिवस मेलेल्या कोंबड्या उघड्या हातांनी उचलल्या होत्या. "मला काय होतंय!" म्हणाला. १९९७मध्ये हाँगकाँगला बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू माणसांत पहिल्यांदा सापडला तेव्हा १८ जणांना लागण झाली होती, त्यांतले ६ दगावले. ते त्याला ऐकवलं नाही. त्याचं नाव तेवढं आरोग्य विभागाला कळवलं.

अहवाल आला. एच५ पॉझिटिव्ह, म्हणजे बर्ड फ्लूच. खाली आणखी एक ओळ होती: रानीखेतचा विषाणू आढळला, तो लसीचा.

पोल्ट्रीवाल्याला फोनवर दोन्ही वाचून दाखवलं. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे मानमोडीची लस लागू पडली होती?"

"हो दादा. लागू पडली होती."