कडी लावून पाहिलेला सिनेमा

सोमवार, रात्री साडेअकरा

काल रात्री ‘फॅनी हिल’ पाहिला. १९६८चा, स्वीडिश, जॉन क्लेलंड या इंग्रज लेखकाच्या कादंबरीवरून काढलेला, दिग्दर्शक मॅक आहल्बर्ग. आई पलीकडच्या खोलीत झोपलेली, म्हणून इअरफोन लावले आणि दाराला कडी घातली. पंचेचाळिशीला टेकलेल्या बाईने एवढी चोरी कशाला ठेवावी, देव जाणे. तासाभरात जांभया यायला लागल्या.

सिनेमा अगदीच टाकाऊ नाही. फॅनी झालेली डायना शेर गोड दिसते, कपडेही छान आहेत, असतात तेव्हा. पण गोष्ट अठराव्या शतकातल्या लंडनमधून उचलून थेट १९६०च्या दशकातल्या स्वीडनमध्ये आणून ठेवलीय. पुस्तकातल्या फॅनीचे आईबाप देवीने गेलेले, जवळ पैसा नाही, ओळखीचं कुणी नाही; म्हणून ती कुंटणखान्यात अडकते. इथे तिला कुणी अडवलंय असं वाटतच नाही.

आणि मुख्य गंमत तर गेलीच. जॉन क्लेलंडच्या त्या अख्ख्या पुस्तकात एक शिवराळ शब्द नाही. सगळं उपमांवर चाललेलं. पुरुषाच्या अवयवाला हा बाबा ‘यंत्र’ म्हणतो. काही पानांनंतर हसू येतं, पण डोकं जागं राहतं. लावणी ऐकत वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. कॅमेऱ्याला उपमा कुठून सुचणार? तो आपला दाखवत सुटतो.

पुस्तक छापलं गेलं १७४८-४९ला, क्लेलंड कर्जापायी लंडनच्या फ्लीट तुरुंगात असताना. अमेरिकेत ते अश्लील ठरवणारा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फिरवला १९६६ला. एवढी वर्षं लोक ज्याला घाबरले त्यावरचा सिनेमा बघताना मी जांभया देतेय!

खरी झोप उडाली ती नंतर, क्लेलंडबद्दल वाचताना. हा माणूस १७२८ला ईस्ट इंडिया कंपनीचा शिपाई म्हणून मुंबईत आला आणि बारा वर्षं इथेच होता. म्हातारपणी त्याने बॉझवेल या लेखकाला सांगितलं, की पुस्तकाचा पहिला खर्डा मुंबईतच लिहिला. कारमायकल नावाच्या मित्राला दाखवून द्यायचं होतं, की असल्या बाईची गोष्ट ग्राम्य शब्द न वापरताही लिहिता येते. म्हणजे हे सगळं आमच्या फोर्टात शिजलं! आज ऑफिसला जाताना सेंट थॉमस चर्चपाशी मुद्दाम थांबले. १७१८चं चर्च, म्हणजे त्याच्याही डोळ्यांसमोरचं. पायरीवर एक कुत्रा झोपला होता. मागून हातगाडीवाला ओरडला, “मॅडम, बाजू!”

सकाळी चहा गाळताना आईने विचारलंच, “काल एवढ्या उशिरापर्यंत काय बघत होतीस?”

“एका अनाथ मुलीची गोष्ट.”

“काय झालं मग तिचं?”

“लग्न झालं शेवटी.”

“बरं झालं बाई,” आई म्हणाली आणि गाळणं सिंकमध्ये आपटलं.