लायसन मागितलं तर शॉप ॲक्ट पाठवलं

गेल्या वर्षी नाशिकला रिसेलचा फ्लॅट घेतला. बिल्डिंग १९९४ ची आणि वायरिंगही तेव्हाचंच, त्यामुळे दोन एसी आणि दोन गिझर लावायचे तर सगळं उपटून नवीन करणं भागच होतं. ओळखीतून एक कॉन्ट्रॅक्टर मिळाला, बोलायला गोड, पॉइंटचा रेटही बरा, मी ॲडव्हान्स पाठवायच्या बेतात होतो तेवढ्यात सासरे म्हणाले, "लायसन बघितलंत का त्याचं?" सासरे एमएसईबीतून रिटायर. अजून महावितरण म्हणत नाहीत, २००५ ला बोर्डाचे तुकडे झाले ते त्यांना काही मान्य नाही.

मागितलं. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर फोटो आला, लॅमिनेशन केलेला सरकारी कागद, वर त्याच्या दुकानाचं नाव. मी खूश. सासऱ्यांना दाखवला तर हसायलाच लागले. "जावईबापू, हे शॉप ॲक्ट आहे. उद्या मी वडापावची गाडी टाकली तरी मला हेच मिळेल."

आणि खरंच तसंच आहे. २०१७ च्या नव्या दुकाने कायद्यात (म्हणजेच शॉप ॲक्ट) कामाला माणसं कमी असतील तर फक्त ऑनलाइन कळवायचं असतं, त्याची पावती मिळते, तीच हे लोक लायसन म्हणून दाखवतात. जीएसटीचंही तेच. नंबर पोर्टलवर टाकून नाव जुळतं का, रजिस्ट्रेशन चालू आहे का ते जरूर बघा (महाराष्ट्राचा असेल तर २७ ने सुरू होतो), पण त्यातून माणूस टॅक्सच्या रजिस्टरवर आहे एवढंच कळतं, त्याला अर्थिंग कळतं की नाही ते नाही कळत.

मग सासऱ्यांनी चहा पिता पिता माझी शिकवणीच घेतली. बल्ब, पंखा, स्विच बदलायला कोणी पण चालतो, पण नवीन वायरिंग किंवा आहे त्यात फेरफार करायचा तर नियमाने तीन गोष्टी लागतात, कॉन्ट्रॅक्टरकडे राज्य सरकारचं विद्युत ठेकेदाराचं लायसन, देखरेखीला सुपरवायझरचं प्रमाणपत्र असलेला माणूस, आणि प्रत्यक्ष वायर ओढणाऱ्याकडे वायरमनचं परमिट. आयटीआयचं सर्टिफिकेट (तिथे वायरमनला तारतंत्री म्हणतात, मला हा शब्द जाम आवडला) चांगलंच, पण ते शिक्षण झालं, परमिट वेगळं. इंटिरिअरवाल्याला मात्र असं कुठलंच लायसन लागत नाही, त्यामुळे "सगळं आमच्याकडेच होतं सर" म्हणणाऱ्याला वायरिंग कोण करणार ते आधी विचारायचं.

पहिला गेला. दुसऱ्याकडे लायसन होतं, खरं होतं, फक्त त्याच्या नावावर नव्हतं. "ते आमच्या पार्टनरचं आहे, सही आणून देतो." तेव्हा मला हा धंदा कळला. लोड वाढवायला वीज कंपनीला टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो, त्यावर लायसनवाल्याची सही लागते, तर लायसन एकाचं, सही घरबसल्या, आणि वायरसाठी भिंतीत झिऱ्या (चर) मारणारा पोरगा तिसराच. मी म्हटलं पार्टनरला एकदा साइटवर आणा. आणला नाही. शॉप ॲक्टवाला तर साधा अडाणी म्हणायचा, हा प्रकार मला जास्त वाईट वाटतो कारण कागद बघून आपण बिनधास्त होतो.

म्हणून नुसता फोटो नको. लायसनवरचं नाव, नंबर, मुदत लिहून घ्या, बिल त्याच नावाने मागा, शंका आली तर विद्युत निरीक्षकाचं ऑफिस असतं तिथे विचारा. आमच्याकडे ते काम सासऱ्यांनी आनंदाने केलं, रिटायर माणसाला अजून काय पाहिजे.

आणि कागदाशिवाय एक प्रश्न, हा पण त्यांचाच: आरसीसीबी (करंट गळला की लाइन पाडणारा स्विच) लावणार का? पहिला म्हणाला होता, "नको साहेब, ते सारखं पडतं." आता आरसीसीबी बघतं काय, तर फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतोय का, आणि घरात लावतात त्यात साधारण ३० मिलिॲम्पचा फरक पडला की लाइन पाडतं. म्हणजे सारखं पडत असेल तर कुठेतरी लीकेज आहे किंवा कोणीतरी न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना चिकटवून ठेवलंय, आणि ते शोधायचं सोडून हे लोक आरसीसीबीच काढून टाकतात. आमच्या जुन्या घरात निम्म्या प्लगांना अर्थची वायरच नव्हती, तिसऱ्या भोकात नुसती हवा.

तिसरा मिळाला तो रेटला महाग, बोलायला खडूस, पण लायसन स्वतःचं. आल्या आल्या जुना डीबी (एमसीबी वगैरे असतात तो मेन बॉक्स) उघडून शिव्याच घातल्या. लाइटला दीडची (म्हणजे दीड स्क्वेअर एमएम जाडीची) वायर, प्लगला अडीचची, एसी आणि गिझरला चारची आणि प्रत्येकाची वेगळी लाइन, असं सगळं कोटेशनमध्येच लिहून दिलं. शेवटी मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून आकडे दाखवले, मला त्यातलं काही कळलं नाही, सासरे मान डोलवत होते.

आता ते घरी आले की चप्पल काढून आधी डीबीकडे जातात आणि आरसीसीबीवरचं टी लिहिलेलं बटण दाबतात. सगळ्या घराची लाइट जाते, पोरं ओरडतात, मॅच बंद पडते. "चालतंय," म्हणतात, आणि मग पाणी मागतात.