बॅकअप होता, फाइल परत येत नव्हती

दांडिया बाजारातल्या आमच्या छापखान्यात सध्या एका घराण्याच्या कुलवृत्ताचं काम चालू आहे. गायकवाडांच्या चाकरीत कोकणातून बडोद्याला आलेलं घराणं. नऊ पिढ्यांची नावं, लेकीसुनांची माहेरं-सासरं, मोडी कागदांची लिप्यंतरं. हे सगळं जमवणारे नाना ७८ वर्षांचे आहेत आणि त्यांची अकरा वर्षं यात गेली आहेत. ती ३१२ पानांची फाइल बुधवारी संध्याकाळी उघडली तर ४८ पानांची निघाली.

छापखान्याचा सर्व्हर आणि त्याचा बॅकअप मी सांभाळतो. मालकांचा, म्हणजे आप्पांचा फोन आला तेव्हा मी मांडवीत होतो, तसाच गेलो.

झालं होतं असं. टायपिंग करणाऱ्या मुलाला एक प्रकरण वेगळं काढून नानांना तपासायला द्यायचं होतं. त्यानं मूळ फाइल उघडली, बाकीची पानं काढून टाकली आणि ‘सेव्ह ॲज’च्या जागी ‘सेव्ह’ केलं. मी त्याला एवढंच विचारलं, “कधी?” तो म्हणाला, “परवा दुपारी, दादा.” हे कळणं फार गरजेचं होतं. फाइल पुसली गेली असती तर गोष्ट वेगळी होती. इथे नाव तेच राहून आतला मजकूर गेला होता. त्यामुळे सोमवार आणि मंगळवार, दोन्ही रात्रींच्या बॅकअपमध्ये ४८ पानांचीच फाइल नीट जपून ठेवलेली होती.

आमच्याकडे बॅकअप-पीसी हा बॅकअप घेणारा प्रोग्राम आहे, ३.३ आवृत्ती; तो वेगळ्या मशीनवर चालतो. आठवड्याला एक फुल, म्हणजे सगळ्या फाइलींचा; मधल्या रात्री इन्क्रिमेंटल, म्हणजे बदललेल्या तेवढ्या फाइलींचा. त्याच्या मूळ सेटिंगमध्ये फक्त एक फुल आणि सहा इन्क्रिमेंटल राखले जातात. मी चार फुल ठेवतो. तरीही पहिलं काम केलं ते त्या रात्रीचा बॅकअप बंद करण्याचं. नवा बॅकअप झाला की मुदत संपलेला जुना काढून टाकला जातो, आणि नेमका कोणता हवा आहे हे ठरेपर्यंत काहीही जायला नको होतं.

मग त्या फोल्डरची हिस्टरी उघडली. एकेका रात्री फाइलची कोणती आवृत्ती होती ते तिथे ओळीनं दिसतं. आवृत्ती बदलली की क्रमांक बदलतो. रविवार रात्रीपर्यंत एक क्रमांक, सोमवारपासून दुसरा. रविवारची फाइल हवी हे दोन मिनिटांत ठरलं. आप्पांना म्हटलं, “अर्ध्या तासात देतो.”

रिस्टोअरचं, म्हणजे फाइल सर्व्हरवर परत पाठवायचं बटण दाबलं आणि ते फसलं. ‘अनेबल टू रीड फोर बाइट्स’. हा संदेश ज्यानं पाहिला आहे त्याला ठाऊक असेल, त्यातून काहीच कळत नाही. मला वाटलं एसएसएचच्या, म्हणजे एका मशीनवरून दुसऱ्यावर सुरक्षित लॉगिन करायच्या किल्लीचा घोळ असेल. बॅकअपच्या युजरनं हातानं लॉगिन करून पाहिलं, ते लगेच झालं. किल्ली ठीक, नेटवर्क ठीक, डिस्कवर जागा भरपूर. काल रात्रीचा बॅकअपही बिनचूक झालेला. मग त्याच रस्त्यानं फाइल परत का जात नाही? यात एक तास गेला. आप्पांनी सेव-उसळ मागवली होती, ती निवून गेली.

उत्तर लॉगमध्ये एक ओळ वर होतं: सुडो, म्हणजे रूटच्या (मुख्य युजरच्या) हक्कानं हुकूम चालवू देणारा प्रोग्राम, पासवर्ड मागत होता. बॅकअपच्या युजरला छापखान्याच्या सर्व्हरवर रूटच्या हक्कानं आरसिंक हा फाइली नेण्या-आणण्याचा प्रोग्राम चालवायची परवानगी मीच दिली होती, पण नियमात ‘सेंडर’ हा शब्द होता. बॅकअप घेताना छापखान्याचा सर्व्हर फाइल पाठवतो, म्हणजे तो सेंडर असतो. रिस्टोअरमध्ये तोच सर्व्हर फाइल घेतो. तेव्हा आरसिंकच्या हुकमात ‘सेंडर’ नसतो आणि नियम लागू होत नाही. चौदा महिने रोज सकाळी बॅकअप यशस्वी झाल्याचं मी बघत होतो. उलट दिशेनं एकही फाइल कधी आणून पाहिली नव्हती, ही माझी चूक.

रात्री दहाला नियम सैल करायला मन धजेना. म्हणून फोल्डर झिप करून उतरवलं. विंडोजवर उघडलं तर फाइलींच्या देवनागरी नावांची अक्षरं पार विस्कटलेली. प्रकरणांची साठ-सत्तर जोडचित्रं नावावरूनच लागतात, तेव्हा हे चालणार नव्हतं. बॅकअपच्या डिस्कवरून थेट कॉपी करायचा मोह झाला, पण ३.३ मध्ये तिथल्या प्रत्येक नावापुढे ‘एफ’ लागलेला असतो आणि आमच्या सेटिंगप्रमाणे मजकूर कॉम्प्रेस केलेला. साध्या कॉपीचा उपयोग नाही. शेवटी टार केलं, म्हणजे झिपसारखीच सगळ्यांची मिळून एक फाइल केली, आणि सर्व्हरवर एका वेगळ्या रिकाम्या फोल्डरात सोडवलं. मूळ जागी काहीच टाकलं नाही. बिघडलेली का असेना, ती ४८ पानंही मला राहायला हवी होती.

नावं नीट आली. मुलानं फाइल उघडायला घेतली तर ‘ॲक्सेस डिनाइड’. त्याचा चेहरा उतरला. त्याला वाटलं हीसुद्धा गेली. फाइलवर मालक म्हणून भलत्याच युजरचं नाव लागलं होतं. सर्व्हर प्रत्येक युजरला एका क्रमांकानं ओळखतो. बॅकअपच्या मशीनवर तो क्रमांक दुसऱ्याच युजरचा आहे, टारमध्ये ते नाव लिहिलं गेलं आणि सोडवताना टार क्रमांकापेक्षा नावाला मान देतं. ‘न्यूमरिक ओनर’ हा पर्याय लावून पुन्हा सोडवलं. फाइल उघडली. ३१२ पानं.

सकाळी नाना आले. पानांची संख्या सांगून त्यांचं समाधान होणार नव्हतं, आणि ते योग्यच होतं. त्यांनी वंशावळीच्या शाखा एकेक करून तपासल्या. सोमवारी सकाळी केलेल्या दुरुस्त्या तेवढ्या नव्हत्या. त्या कुठल्याच बॅकअपमध्ये असणं शक्य नव्हतं. नानांनी पिशवीतून लाल शाईनं खुणा केलेलं प्रूफ काढलं. “अकरा दुरुस्त्या आहेत. मी वाचतो, तू टाइप कर,” ते मुलाला म्हणाले.

नियम मी तसाच ठेवला आहे. सर्व्हरवर कुठेही लिहायची मुभा बॅकअपच्या मशीनला दिली, तर ते मशीन कुणाच्या हाती लागल्यावर दोन्ही जातील. रिस्टोअर टारनंच, वेगळ्या फोल्डरात; पूर्ण हुकूम कागदावर लिहून सर्व्हरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी कोणतंही एक फोल्डर परत आणायचं, आणि ते मी नाही, त्या मुलानं. पहिल्या शनिवारी त्याला वीस मिनिटं लागली. त्यानं स्वतःहून नानांचं फोल्डर निवडलं होतं.